ताप अडतीस की एकशे एक?

गेल्या जानेवारीतली गोष्ट. पालममध्ये त्या आठवड्यात कडाक्याची थंडी होती. आमच्या घरातलं तान्हं बाळ तेव्हा अडीच महिन्यांचं होतं. मगरीबनंतर ते किरकिर करू लागलं, दूध घेईना. दादींनी कपाळाला हात लावून पाहिला. पण त्या शेगडीजवळून उठून आलेल्या, त्यांचेच तळहात तापलेले. त्यांना अंदाज येईना. मग कपाटातलं डिजिटल थर्मामीटर काढलं, बाळाच्या काखेत धरलं. बीप वाजला. आकडा आला ३८.४.

“अडतीस?” दादी घाबरल्या. “नेहमी तर अठ्ठ्याण्णव असतं. लेकराचं अंग गार पडत चाललंय!”

आम्ही सगळेच घाबरलो. कुणी दुलई आणली, कुणी शेगडी जवळ ओढली, कुणी बाळाचे तळपाय चोळू लागलं. अर्धा तास असाच गेला. बाळ आणखी लालबुंद झालं. तेवढ्यात घरातली नववीतली मुलगी शिकवणीवरून आली. तिने थर्मामीटर हातात घेतलं, आकड्याशेजारचं बारीक अक्षर पाहिलं आणि म्हणाली, “दादी, हे फॅरेनहाइट नाही. इथे सी आहे. हे सेल्सिअस आहे.” वहीच्या मागच्या पानावर तिने हिशेब मांडला. ३८.४ सेल्सिअस म्हणजे १०१.१२ फॅरेनहाइट. ज्या बाळाला आम्ही ऊब देत होतो, ते तापाने फणफणलं होतं.

दुलई निघाली, शेगडी लांब गेली आणि आम्ही गाडी करून गंगाखेड गाठलं. डॉक्टरांनी बाळाला दोन दिवस ठेवून घेतलं. जाताना त्यांनी एक गोष्ट बजावली: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल, तर घरी वाट पाहत बसायचं नाही. अल्लाहच्या मेहरबानीने बाळ बरं होऊन घरी आलं. थर्मामीटरचं बटण जास्त वेळ दाबलं गेलं की काही यंत्रांत एकक बदलतं. आमच्याकडे ते कधी आणि कुणाकडून दाबलं गेलं, याचा पत्ता आजवर लागलेला नाही.

थर्मामीटर खरं बोलत होतं. दादींच्या मनातला अठ्ठ्याण्णवही खरा होता. दोन खरे आकडे एकमेकांशेजारी ठेवताना त्यांची एककं वेगळी आहेत, एवढंच आम्ही पाहिलं नाही. त्या रात्रीनंतर आमच्या घरात तापमानाच्या एककांचा अभ्यास सुरू झाला. तो तापापासून निघाला आणि पार ताऱ्यांपर्यंत गेला. त्यातून जे हाती लागलं, ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

मोजणी कुठून, पाऊल केवढं?

समजा, दोन माणसं गंगाखेडहून पालममार्गे लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चालताहेत. एकजण पालमच्या स्टँडपासून पावलं मोजायला लागतो आणि त्याची ढांग मोठी आहे. दुसऱ्याने मागे गंगाखेडपासूनच मोजायला सुरुवात केली आहे आणि त्याची पावलं आखूड आहेत. दोघे एकाच झाडाखाली उभे राहिले, तरी त्यांचे आकडे वेगळे येणार. एकाचा आकडा दुसऱ्याच्या भाषेत सांगायचा, तर दोन गोष्टी ठाऊक हव्यात: मोजणी कुठून सुरू झाली, आणि पाऊल केवढं आहे.

सेल्सिअस आणि फॅरेनहाइटचं नातं असंच आहे. बर्फ वितळतो तिथे सेल्सिअसचा शून्य असतो; फॅरेनहाइटचा तिथे ३२ झालेला असतो. सेल्सिअसची पाच पावलं म्हणजे फॅरेनहाइटची नऊ. म्हणून सेल्सिअसच्या आकड्याला नवाने गुणायचं, पाचाने भागायचं आणि ३२ मिळवायचे. तोंडी करायचं असेल तर याहून सोपी रीत आहे. आकडा दुप्पट करा, त्यातून त्याचा दहावा हिस्सा वजा करा, मग ३२ मिळवा. ३८.४ ची दुप्पट ७६.८, त्यातून ७.६८ गेले, राहिले ६९.१२, त्यात ३२ घातले की १०१.१२. आमच्या दादी आता हा हिशेब भाजी निवडता निवडता करतात.

ही मापं काही आभाळातून पडलेली नाहीत. डॅनिएल फॅरेनहाइट यांनी १७२४ मध्ये आपलं माप मांडलं. मीठ-बर्फाच्या मिश्रणाला त्यांनी शून्य धरलं, बर्फाला ३२ आणि माणसाच्या अंगाला ९६. स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये शंभर भागांचं माप सुचवलं, पण त्यांनी उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर दिले होते! ते पुढे उलटवण्यात आलं. शून्य कुठे ठेवायचा हे माणसाने ठरवलं आहे, एवढं यावरून ध्यानात येतं.

आता एक नेहमीची चूक. पॅरिस करारात, २०१५ मध्ये, जगाची तापमानवाढ १.५ अंश सेल्सिअसवर रोखण्याचा प्रयत्न करायचं ठरलं. हे फॅरेनहाइटमध्ये किती? नुसतं सूत्र वापरणारा म्हणेल ३४.७. हे साफ चूक आहे. इथे आपण झाड कुठे आहे ते विचारत नाही, दोन झाडांमधलं अंतर विचारतोय. अंतराला सुरुवातीचा प्रश्नच नसतो, फक्त पावलाचा आकार बदलायचा. १.५ गुणिले १.८, म्हणजे २.७ अंश फॅरेनहाइट. घरातही तेच. “ताप एक अंशाने उतरला” असं कुणी सेल्सिअसमध्ये सांगितलं, तर फॅरेनहाइटमध्ये तो १.८ अंशाने उतरला. तिथे ३२ मिळवायचे नाहीत.

चाळीस हे विसाच्या दुप्पट नव्हे

मुलीने पुढचा प्रश्न विचारला. “हिवाळ्यात दुपारी वीस अंश असतं आणि उन्हाळ्यात चाळीस. मग उन्हाळा दुप्पट गरम झाला का?”

उत्तर शोधताना आम्हाला तिसरं माप भेटलं, केल्विन. कुठलाही पदार्थ बारीक कणांचा बनलेला असतो आणि ते कण सतत हलत असतात. ही धडपड जितकी जास्त, तितकं तापमान जास्त. ती कमी कमी होत जाते तेव्हा शेवटी एक अशी पायरी येते, की तिच्याखाली तापमानच नाही. ती पायरी म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८४८ मध्ये मापाचा शून्य तिथे धरायचा विचार मांडला. रस्त्याच्या उदाहरणात सांगायचं, तर हा माणूस पालमपासूनही मोजत नाही आणि गंगाखेडपासूनही नाही. रस्ता जिथून निघाला, तिथूनच मोजतो. त्याचं पाऊल मात्र सेल्सिअसएवढंच आहे. म्हणून सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवले की केल्विन. १९६७-६८ पासून त्याच्यामागे ‘अंश’ हा शब्दही लावत नाहीत. नुसतं ‘केल्विन’ म्हणतात. आणि २० मे २०१९ पासून त्याची व्याख्या पाण्या-बर्फावर अवलंबून राहिलेली नाही. कणांची ऊर्जा आणि तापमान यांना जोडणाऱ्या बोल्ट्झमन स्थिरांकाची किंमत पक्की करून ती ठरवली आहे.

आता मुलीचा प्रश्न घेऊ. वीस अंश म्हणजे २९३.१५ केल्विन, चाळीस अंश म्हणजे ३१३.१५ केल्विन. फरक सात टक्केही नाही. ‘दुप्पट’, ‘दसपट’, ‘हजारपट’ हे शब्द खऱ्या शून्यापासून मोजलेल्या मापालाच शोभतात. म्हणून शास्त्रज्ञ फार मोठी आणि फार लहान तापमानं केल्विनमध्ये सांगतात.

हजार-हजाराची शिडी

फार मोठ्या किंवा फार लहान आकड्यांसाठी एककापुढे एक शब्द जोडतात. किलो म्हणजे हजारपट, हे तर प्रत्येक किराणा दुकानात ठाऊक आहे. मेगा म्हणजे हजाराचे हजार, गिगा त्याचेही हजार, टेरा त्याचेही हजार. उलट बाजूला मिली म्हणजे हजारावा हिस्सा, मायक्रो त्याचा हजारावा, नॅनो त्याचा हजारावा आणि पिको त्याचाही हजारावा. एक पायरी चढलो की हजाराने गुणणं, उतरलो की हजाराने भागणं.

पायरीगणिक पटीने वाढणारी अशी मोजणी उष्ण-थंडाच्या बाबतीत फार पूर्वी एका माणसाने केली होती. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-किंदी नावाचे विद्वान होऊन गेले. आपल्या घरांत आजही म्हणतात, आंब्याची तासीर गरम, दह्याची थंड. जुन्या यूनानी वैद्यकात औषधांची तासीर पहिल्या ते चौथ्या दर्जापर्यंत सांगत. अनेक औषधं एकत्र केली तर मिश्रणाचा दर्जा कोणता, हा प्रश्न अल्-किंदींनी गणिताने सोडवू पाहिला. त्यांच्या मते पहिल्या दर्जात गरमपणा थंडपणाच्या दुप्पट असतो, दुसऱ्यात चौपट, तिसऱ्यात आठपट, चौथ्यात सोळापट. हे थर्मामीटरचं तापमान नव्हतं, औषधाच्या गुणाचा अंदाज होता. आणि आजचं औषधशास्त्र त्यावर चालत नाही. तरी ‘दर्जा एकाने वाढला’ म्हणजे काहीतरी मिळवलं असं नसून गुणलं, हा विचार त्यात स्पष्ट आहे. त्यांची शिडी दोनाची होती, आपली हजाराची आहे.

खाली उतरताना

आता शिडी उतरू. हेलियम वायू सुमारे ४.२ केल्विनला द्रव होतो. तारे आणि आकाशगंगा यांच्यामधल्या अवकाशात विश्वाच्या जन्मापासून उरलेली ऊब आहे, ती सुमारे २.७ केल्विन. प्रयोगशाळा त्याच्याही खाली जातात. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी बिस्मथ नावाच्या धातूचे शुद्ध स्फटिक इतके थंड केले, की ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली तो अतिवाहक झाला, म्हणजे त्यातून वीज कसलाही अडथळा न होता वाहू लागली. जानेवारी २०१७ मध्ये हे संशोधन ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. आपल्या खोलीचं तापमान सुमारे ३०० केल्विन. म्हणजे ती खोली त्या धातूहून साडेपाच लाख पटींपेक्षाही जास्त गरम.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा होईपर्यंत औंढा आपल्या परभणी जिल्ह्यातच होतं. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये या वेधशाळेला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोमध्ये २०२१ साली संशोधकांनी मोठ्या आरशांची डोलण्याची एक हालचाल जवळजवळ शांत केली. ती हालचाल दहा किलोच्या वस्तूएवढी होती आणि तिचं तापमान ७७ नॅनोकेल्विनपर्यंत उतरलं. आरसे स्वतः खोलीएवढेच गरम होते. थंड झाली ती फक्त त्यांची एकत्र डोलण्याची गती.

आता घरातल्या मुलांना विचारा: कुलाब्याचा ०.५३ आणि लायगोचा ७७, यांत जास्त थंड कोणतं? घाईत कुणीही म्हणेल, ०.५३ लहान आहे, म्हणून तेच थंड. आमच्या दादींची त्या रात्रीची चूक हीच होती. दोन्ही आकडे आधी एका एककात आणा. ०.५३ मिलिकेल्विन म्हणजे ५३० मायक्रोकेल्विन, म्हणजे ५,३०,००० नॅनोकेल्विन. तिकडे ७७ नॅनोकेल्विन. म्हणजे लायगोची हालचाल जवळपास सात हजार पटींनी जास्त थंड होती! जर्मनीतल्या ब्रेमेन इथे २०२१ मध्येच उंच मनोऱ्यातून खाली पडणाऱ्या उपकरणात रुबिडियमचे अणू ३८ पिकोकेल्विनपर्यंत थंड झाले. तिथे आकडा पुन्हा अडतीसच! एकक बाजूला काढलं, तर तो आणि आमच्या बाळाचा ताप यांत काही फरक दिसत नाही.

हे आकडे सेल्सिअसमध्ये लिहून पाहा. कुलाब्याचं तापमान होईल उणे २७३.१४९४७. लायगोचं होईल उणे २७३.१४९९९९९२३. दोन्ही सारखेच दिसतात, कारण २७३ च्या ओझ्याखाली खरा फरक दबून जातो. इथे २७३ पुढचे ‘.१५’ गाळून नुसते २७३ धरले, तर सगळा हिशेबच बुडाला.

वर चढताना

वर गोष्ट उलटी होते. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,७७२ केल्विन, म्हणजे ५.७७२ किलोकेल्विन. सेल्सिअसमध्ये ते सुमारे ५,५०० अंश. इथे २७३ चा फरक अजून जाणवतो. सूर्याच्या गाभ्यात मात्र सुमारे १५ मेगाकेल्विन तापमान आहे. मेगा म्हणजे दहा लाख, म्हणून हे झाले दीड कोटी केल्विन. त्यातून २७३ वजा करा किंवा करू नका, दर्यामें खसखस! म्हणूनच शास्त्रज्ञ गाभ्याबद्दल बोलताना ‘दीड कोटी अंश’ म्हणाले, तर सेल्सिअस की केल्विन असं कुणी विचारत नाही.

मोठ्या आकड्यांत आपल्या भाषेचा एक खड्डा आहे. इंग्रजी मोजणी हजार-हजाराने चढते, आपली लाख-कोटीने, म्हणजे शंभर-शंभराने. ‘पंधरा मिलियन’ वाचून पुष्कळजण पंधरा लाख लिहून मोकळे होतात, आणि सूर्य एका फटक्यात दहापट थंड होतो. घरात एवढं पाठ करून ठेवावं: मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी, टेरा म्हणजे एक लाख कोटी. माणसाने निर्माण केलेलं सर्वांत मोठं तापमान युरोपातल्या ‘सर्न’ या संस्थेत नोंदलं गेलं. तिथे शिशाच्या अणूंची केंद्रकं एकमेकांवर आदळून क्षणाचाही अगदी बारीक हिस्सा सुमारे पाच टेराकेल्विन, म्हणजे पाच लाख कोटी केल्विनच्या आसपास उष्णता निर्माण झाली. आणि त्याच यंत्राची चुंबकं चालावीत म्हणून ती १.९ केल्विनला थंड ठेवावी लागतात. शिडीची दोन टोकं एकाच बोगद्यात, हातभर अंतरावर.

पुन्हा घरी

माणसाचं आयुष्य या शिडीच्या एका पायरीवरच्या इवल्याशा पट्टीत असतं. ३७ अंश सेल्सिअस म्हणजे ३१०.१५ केल्विन. ४० अंश, म्हणजे खूप ताप, ३१३.१५ केल्विन. फरक एक टक्क्याएवढाही नाही. पण त्या तीन अंशांसाठी आई रात्रभर उशाशी बसते. म्हणून घराच्या उपयोगाचा तक्ता आम्ही फ्रिजच्या दारावर लावला आहे:

३७ सेल्सिअस म्हणजे ९८.६ फॅरेनहाइट.
३८ म्हणजे १००.४.
३९ म्हणजे १०२.२.
४० म्हणजे १०४.
४१ म्हणजे १०५.८.

यातल्या ९८.६ बद्दलही एक मजेशीर गोष्ट आहे. जर्मन डॉक्टर कार्ल वुंडरलिख यांनी १८६८ मध्ये माणसाच्या अंगाचं सर्वसाधारण तापमान ३७ सेल्सिअस सांगितलं. तो गोळाबेरीज आकडा होता. फॅरेनहाइटमध्ये बदलल्यावर तो ९८.६ झाला आणि दशांश चिन्हामुळे फार नेमका वाटू लागला. एकक बदलल्याने माहिती जास्त अचूक होत नाही. ९८.२ दिसलं किंवा ९८.९ दिसलं, म्हणून निरोगी माणसाने घाबरायचं कारण नाही.

तक्त्याखाली आम्ही आणखी तीन ओळी लिहिल्या आहेत. थर्मामीटरचा आकडा वाचण्याआधी त्याशेजारचं अक्षर वाचा. डॉक्टरांना फोनवर ताप सांगताना ‘अडतीस सेल्सिअस’ किंवा ‘एकशे एक फॅरेनहाइट’ असं पूर्ण सांगा. इन्सुलिनच्या खोक्यावर ‘२ ते ८’ लिहिलेलं असतं ते सेल्सिअस आहे. फॅरेनहाइटमध्ये ते ३५.६ ते ४६.४. ही तिसरी ओळ आमच्या दादाजींच्या इन्सुलिनसाठी आहे.

ते बाळ आता भिंत धरून उभं राहतं. दादी त्याचं अंग पाहतात तेव्हा आधी चष्मा लावतात, थर्मामीटर दिव्याखाली धरतात आणि मोठ्याने विचारतात, “सी की एफ?” मग कुणीतरी उत्तर देईपर्यंत थांबतात. आकडा काय आहे, ते त्यानंतर.